मंगळवार-शुक्रवारच्या सुया

तोंड किती उघडतं हे विचारायला आम्ही पाणीपुरीचा आधार घ्यायचो. ‘पुरी अख्खी जाते का तोंडात?’ मोजपट्टी त्यानंतर यायची. एसटी स्टँडवर उतरून थेट नागपूरच्या दंतविभागात आलेला गोंदियाचा, चंद्रपूरचा, पुसदचा माणूस मिलिमीटरमध्ये बोलत नाही. पण पाणीपुरी कधी सुटली, संत्र्याची फोड मोडून खावी लागते का, जांभई देताना गाल ओढला जातो का, हे तो बिनचूक सांगतो. ‘दिवाळीपर्यंत जात होती मॅडम, आता नाही जाऊन राहिली.’ एवढ्यावरून आजार कुठवर आलाय याचा अंदाज यायचा. मग वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजायचं. निरोगी मोठ्या माणसाचं ते साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर भरतं, म्हणजे त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात. आमच्याकडे येणाऱ्यांची दोन मावायची, कित्येकांचं एकच.

या आजाराचं नाव ओरल सबम्युकस फायब्रोसिस. ओपीडीत सगळेच ओएसएमएफ म्हणतात. तोंडाच्या आतल्या अस्तराखाली वर्षानुवर्षं दाह चालू राहतो आणि तिथला मऊ, ताणला जाणारा थर हळूहळू घट्ट तंतूंनी भरत जातो. अस्तर संगमरवरासारखं पांढुरकं दिसू लागतं. गालाच्या आतून बोट फिरवलं की उभे, ताठ पट्टे हाताला लागतात. पडजीभ आक्रसते, जीभ नीट बाहेर येत नाही, शिट्टी वाजत नाही, फुगा फुगवता येत नाही. पण या सगळ्याच्या आधी सुरू होते ती आग. तर्री-पोहे, ठेचा, सावजी रस्सा हे ज्यांचं रोजचं जगणं, त्यांना साधं वरणही झोंबायला लागतं. पंगतीत शेजाऱ्याच्या पानात रस्सा पडतो आणि आपल्या पानात दहीभात. विदर्भात हे दुःख किती मोठं आहे हे बाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही. ताटातून तिखट गेलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. तोंड उघडत नाही यापेक्षा तेच त्यांना जास्त सलायचं.

मी शिकत होते त्या काळात या आजाराचं खापर मिरचीवर फुटायचं. त्याला कारणही होतं. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय बायकांमध्ये ही अवस्था नोंदवली. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी आपल्याकडचे रुग्ण मांडले आणि आजाराला आज रूढ असलेलं नाव मिळालं. १९६० मध्ये डॉ. सत्यवती सिरसाट आणि डॉ. वसंत खानोलकर यांनी उंदरांच्या टाळूला मिरचीतलं कॅप्सेसिन लावून तसेच बदल घडतात का ते तपासलं. १९६६ मध्ये डेन्मार्कच्या पिंडबोर्ग यांच्याबरोबर सिरसाटबाईंनी या आजाराचं जे वर्णन केलं, ते आम्ही वर्गात पाठ करायचो, आजही विद्यार्थी करतात. मुंबईच्या प्रयोगशाळेत बसलेल्या एका बाईने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कॅन्सरच्या पेशी वाचल्या, आणि आपल्या घराघरांतल्या या आजाराकडे जगाचं लक्ष वळवलं. वर्गात हे सांगताना मला दर वर्षी अभिमान वाटायचा. मुली ताठ बसून ऐकायच्या.

सुपारीचा दोष पुढे हळूहळू पक्का होत गेला. तिच्यातलं अरेकोलिन तंतू तयार करणाऱ्या पेशींना चेतवतं, तिच्यातलं तांबं त्या तंतूंची वीण घट्ट करणाऱ्या विकराला बळ देतं, आणि टॅनिनमुळे तयार झालेला तंतू सहजी विरघळत नाही. म्हणजे बांधकाम वाढतं आणि मोडतोड थांबते. पण आम्ही शिकत होतो तेव्हा ओपीडीतल्या कागदावर ‘तिखट, गरम वर्ज्य’ ही ओळ पहिली असायची, ‘सुपारी बंद’ त्याखाली.

तेव्हाचे रुग्णही वेगळे. बऱ्याचशा चाळिशी-पन्नाशीच्या बायका असायच्या. कमरेला पानाची चंची, त्यात अडकित्ता, कातरलेली सुपारी. काहींची सवय लग्नानंतर लागलेली, काहींची बाळंतपणानंतर ‘तोंडाला चव यावी’ म्हणून. पाच-दहा वर्षं आग सोसून, घरातलं एखादं लग्न आटोपून, मगच त्या दवाखान्यात यायच्या. पदर तोंडाशी धरून बसायच्या आणि ‘बाई, सुई लावून द्या, गोळीनं नाही होत’ म्हणायच्या. सुईवरचा तो विश्वास आमच्या औषधापेक्षा मोठा होता.

सुई म्हणजे तेव्हा काय होतं, ते आज शिकणाऱ्या मुलांनी पाहिलेलं नाही. काचेच्या सिरिंजा, स्टीलच्या स्टरलायझरमध्ये उकळत ठेवलेल्या. त्यांच्या तळाशी पाण्याचा पांढरा क्षार बसलेला. सुया पुन्हा पुन्हा वापरायच्या, टोक बोथट झालं की दगडावर लावून आणायच्या. चिमट्याने सिरिंज उचलायची, दट्ट्या बसवायचा. दट्ट्याचा आणि नळीचा नंबर जुळला नाही तर औषध मागून गळायचं. खोलीत वाफ, स्पिरिट आणि डेटॉल यांचा एक मिसळलेला वास असायचा. सिस्टर सकाळी आल्या की पहिलं काम स्टरलायझरचं बटण दाबायचं.

औषधं तीन. पहिलं स्टिरॉइड, म्हणजे आधी हायड्रोकॉर्टिसोन आणि नंतर डेक्सामेथासोन, ज्याला सगळे डेक्सा म्हणायचे. कॉर्टिसोन संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा दिलं गेलं १९४८ मध्ये, आणि दोनच वर्षांनी हेन्च, केंडल आणि राइशस्टाइन यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. पन्नासच्या दशकातच आपल्याकडच्या डॉक्टरांनी ते या आजारात वापरून पाहिलं होतं. दुसरं हायलुरोनिडेज. कोरडी पूड, १५०० युनिटची, ती अँप्युलमध्येच विरघळवून घ्यायची. पेशींच्या मधला चिकट पदार्थ ती सैल करते, म्हणजे स्टिरॉइडला आत शिरायला वाट मिळते. आणि तिसरं वारेचा अर्क, प्लॅसेंट्रेक्स. उती-उपचाराची ही कल्पना ओदेसाच्या फिलातोव या नेत्रतज्ज्ञाची. तिथून निघून ती आमच्या टेबलावर पोचली होती. कुणाला डेक्सा आणि हायलुरोनिडेज एकत्र, कुणाला प्लॅसेंट्रेक्स, मधुमेह असलेल्याला स्टिरॉइड टाळून. सोबत थोडं लिग्नोकेन, वेदना कमी व्हावी म्हणून.

वेदना कमी होत नसे. हे मी स्पष्ट लिहिते, कारण गेलेल्या दिवसांबद्दल लिहिताना दुखणं लपवायचा मोह होतो. निरोगी गालात औषध सहज पसरतं. या गालात जागाच नसते. सुई पट्ट्याला टेकली की करकर जाणवायची आणि दट्ट्या अंगठ्याने दाबूनही हलायचा नाही. जोर वाढवला तर सुई काचेच्या तोंडावरून निसटायची आणि औषध रुग्णाच्या ओठावर, आमच्या हातावर उडायचं. दोन्ही गालांत चार-पाच ठिकाणी, थोडं थोडं. तोंड दोन बोटं उघडणाऱ्या माणसाच्या मागच्या पट्ट्यापर्यंत सुई नेताना मान वाकडी करून, एका हाताने गाल ताणून धरावा लागे. रुग्णाच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तरी हात खुर्चीच्या दांड्यावरच राहायचे. एक मावशी प्रत्येक टोचणीनंतर ‘विठ्ठल’ म्हणायच्या, आणि पाचव्या विठ्ठलानंतर स्वतःच ‘झालं ना बाई?’ विचारायच्या.

या सुया आठवड्यातून दोनदा. आमच्याकडे वार ठरलेले होते, मंगळवार आणि शुक्रवार. सहा-आठ आठवडे, कधी त्याहून अधिक. आणि इथेच मला त्या काळातली ती गोष्ट सांगायची आहे जी आजच्या नीटनेटक्या दवाखान्यात मला शोधूनही सापडत नाही. दर मंगळवारी, दर शुक्रवारी तीच माणसं त्याच बाकावर. दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांच्या ओळखी व्हायच्या. तिसऱ्या आठवड्यात डबे उघडायचे. कुणाचं तोंड किती उघडलं हे आमच्याआधी बाकाला माहीत असायचं. उमरेडच्या एक काकू शेजारच्या पोराच्या खिशाकडे बघून मोठ्याने म्हणायच्या, ‘काहून रे, सोडली का नाही सुपारी? का इथं फुकट सुया घेऊन राहिला?’ ते पोरगं लाजून खिसा रिकामा करायचं. आम्ही कागदावर दहा वेळा लिहिलेल्या ओळीने जे झालं नव्हतं, ते काकूंच्या एका वाक्याने व्हायचं.

व्यायामही त्या बाकावरच व्हायचा. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दाढांमध्ये एकावर एक ठेवायच्या, तेवढ्यावर तोंड उघडं धरून बसायचं, सवय झाली की आणखी एक काडी सरकवायची. सुईने अस्तर थोडं सैल झालेलं असतं तेव्हाच ते ताणून घेतलं पाहिजे, नाहीतर पुन्हा आखडतं. हे समजावून सांगायला आम्हाला वेळ होता, कारण ती माणसं शुक्रवारी पुन्हा येणारच होती. काड्यांचा गठ्ठा रबरबँड लावून ब्लाउजमध्ये, शर्टाच्या खिशात ठेवलेला असायचा. ‘मॅडम, अठरा झाल्या’ अशी बातमी दारातूनच यायची.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून चित्र पालटलं. १९८६ मध्ये देशात एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले आणि पुढच्या काही वर्षांत काचेच्या सिरिंजा कपाटात गेल्या. एकदा वापरून टाकायच्या प्लॅस्टिकच्या सिरिंजा आल्या. त्या आल्या म्हणून मला मनापासून बरं वाटतं. त्याच सुमाराला पानटपरीवर पुड्यांच्या माळा लटकू लागल्या. पान लावायला वेळ लागतो, पुडी फाडायला लागत नाही. पानात सुपारी थोडी, पुडीत कोरडी सुपारीच सुपारी. आणि विदर्भात खर्रा तर होताच: सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना, पन्नीत घालून घोटलेला. रुग्णांचं वय आमच्या डोळ्यांदेखत उतरत गेलं. चंचीवाल्या मावशींच्या जागी ऑटो चालवणारे, कॉलेजात जाणारे, मग दहावीतले पोट्टे. मावशींना जिथे पोचायला वीस वर्षं लागली होती, तिथे हे दोन-तीन वर्षांत पोचायचे.

सरकारने २००२ मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी आणली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. २०१२ च्या जुलैमध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली ती पुन्हा आली, आणि नंतरच्या आदेशांत सुगंधी सुपारी, खर्रा, मावा हेही आले. मधल्या काळात, २००४ मध्येच, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखूशिवायच्या सुपारीलाही माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. यात मला नवल वाटलं नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधकांनी केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात ओएसएमएफच्या ६६ रुग्णांचा १७ वर्षं माग ठेवला होता, आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७.६ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झालेला दिसला. बाकावर बसलेल्या माणसांकडे बघताना तो आकडा माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. शंभर माणसांत सात-आठ. कोण असतील ते?

आता तोच विभाग पाहिला तर ओळखू येत नाही. आधी गालाच्या आत बधिर करणारं जेल लावतात, थांबतात. सुई इन्सुलिनच्या सिरिंजची, केसासारखी बारीक. अंतर डिजिटल कॅलिपरवर, दशांश चिन्हासह. लायकोपीनच्या गोळ्या, पेंटॉक्सिफायलिन, यंत्राने द्यायचा व्यायाम. पट्टे फार ताठ असतील तर शस्त्रक्रिया: ते कापायचे आणि उघडी पडलेली जागा गालातल्या चरबीने किंवा नाकाशेजारच्या त्वचेने झाकायची. माझ्या काळात असा रुग्ण आम्ही हात जोडून घरी पाठवला असता.

लायकेन प्लॅनसची गोष्ट तर आणखी सुखाची आहे. गालात पांढरी जाळी, मध्ये लालभडक जखमा, वर्षानुवर्षं. या आजारात पूर्वी आम्ही ट्रायमसिनोलोनचा मलम बोटाने लावायला द्यायचो आणि लाळेत तो धुऊन जायचा. जखम हट्टी असेल तर तेच औषध तिच्या कडेखाली सुईने द्यायचो, आणि मग बुरशी येते का म्हणून आठवडाभर लक्ष ठेवायचो. आता रुग्णाचंच थोडं रक्त काढून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, प्लेटलेट जास्त असलेला भाग जखमेखाली टोचतात. आतापर्यंतच्या लहान लहान अभ्यासांत त्याचा गुण ट्रायमसिनोलोनच्या जवळपास दिसतो, आणि ज्यांना स्टिरॉइड चालत नाही त्यांना एक रस्ता मिळतो. पेम्फिगस हा आजार तर अनेकदा तोंडातल्या फोडांनीच सुरू होतो. त्यात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरिचा यांनी ऐंशीच्या दशकात दर महिन्याला तीन दिवस शिरेतून डेक्सामेथासोन देण्याची पद्धत घालून दिली आणि कितीतरी जीव वाचवले. आज त्याच रुग्णांना रिटुक्सिमॅब मिळतं. तोंडात पाणीसुद्धा धरता न येणारी बाई काही महिन्यांनी भाकरी खाताना मी पाहिली आहे. हे पाहायला मिळालं, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

तरीही ओएसएमएफच्या बाबतीत मला एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. सुया बारीक झाल्या, पण सुईचं श्रेय आम्ही तेव्हाही जास्त धरत होतो आणि आजही धरतो. २००८ मध्ये उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने या आजारावरच्या उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा कुठल्याच उपचाराच्या बाजूने विश्वासार्ह पुरावा पुरेसा नाही असंच म्हणावं लागलं. शिवाय वारंवार टोचण्यानेही अस्तराला इजा होते आणि त्या इजेतून नवे तंतू बनू शकतात. म्हणजे सुई अमर्याद देत राहायची वस्तू नाही. मग आमच्या मंगळवार-शुक्रवारच्या माणसांची तोंडं उघडत होती ती कशाने? औषधाने आग कमी व्हायची, हे खरं. पण उरलेलं काम सुटलेल्या सुपारीने, काड्यांनी आणि त्या बाकाने केलं, असं मला इतक्या वर्षांनी खात्रीने वाटतं. आठवड्यातून दोनदा कुणीतरी तुमच्या तोंडात बघतं, नावानं हाक मारतं, सुपारीचा डाग दिसला तर विचारतं. सुई हे येण्याचं निमित्त होतं.

आज तरुण रुग्ण येतो, फोनवर रील बघत बसतो, नंबर आला की आत जातो, दहा मिनिटांत बाहेर पडतो. त्याला महिन्याभराच्या गोळ्या आणि व्यायामाचा व्हिडिओ मिळतो. पुढच्या वेळी तो येतोच असं नाही. आला नाही हे कळतही नाही, कारण त्याची वाट बघणारं बाकावर कुणी नसतं. मी विभागात गेले की तरुण डॉक्टरांना सांगते: सहा आठवड्यांचा कोर्स असेल तर तो एकाच वारी, एकाच वेळी, आठ-दहा जणांचा मिळून ठेवा. काड्या त्यांच्या हातात तुम्ही स्वतः द्या. जुन्या रुग्णाला नव्याशेजारी बसवा. यासाठी एक रुपया जास्त लागत नाही. काही ऐकतात. एकीने तर रुग्णांचा व्हॉट्सअॅप गट केला आहे, आणि काड्यांचे आकडे रोज रात्री तिथे पडतात. तो बाक नव्हे, पण त्याची थोडी ऊब त्यात आहे.

हल्ली मी शाळांच्या शिबिरांना जाते. मुलांना ओळीत उभं करून सांगते, तीन बोटं उभी तोंडात घाला. बहुतेकांची सहज जातात आणि ती हसत पुढे पळतात. एखाद्याची तिसरी अडते. त्याला बाजूला घेऊन गालाच्या आत बघितलं की पांढुरकेपणाची नुकती सुरुवात दिसते, पट्टा अजून बनलेला नसतो. विचारलं की आधी ‘काही नाही मॅडम’, मग हळूच ‘मिठी सुपारी’. या टप्प्यावर त्याला सुईची गरज नाही. सुपारी पूर्ण सुटली की आग कमी होते, रोज तोंड ताणलं तर उघडण्याची मर्यादा तिथेच धरून ठेवता येते. तयार झालेले तंतू मात्र सुपारी सोडूनही सहसा विरघळत नाहीत, म्हणून ही भेट याच वर्षी व्हायला हवी, पुढच्या वर्षी नाही. त्याच्या वर्गशिक्षकांना आणि आईला मी त्याच दिवशी फोन करते, आणि दोन आठवड्यांनी त्याच शाळेत पुन्हा जाते.